कापायचं कुठे? एन्साटिना सॅलॅमँडरच्या नावांचा वाद

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या एन्साटिना या सॅलॅमँडरचा (पालीसारखा दिसणारा, पण बेडकाच्या नात्यातला उभयचर) डीएनए कुणी नव्याने तपासला की जुनं भांडण पुन्हा वर येतं: ही एक प्रजाती की अनेक? एका बाजूला जोडणारे, दुसऱ्या बाजूला फोडणारे. हे दोन स्वभाव जुनेच. डार्विनने १८५७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हुकरला लिहिलेल्या पत्रातही दोघांचा उल्लेख आहे, आणि दोघेही असलेले बरे असं त्याचं मत होतं. आजच्या भांडणात मात्र दोन्ही पक्षांची नजर आकड्यावर खिळली आहे. फोडणारे म्हणतात, वंशवृक्षात फांद्या वेगळ्या दिसल्या म्हणजे प्रजाती वेगळ्या. जोडणारे म्हणतात, उत्क्रांती शिकवताना 'वर्तुळ प्रजाती' (शेजारी शेजाऱ्यांत मिसळतात, पण वर्तुळाची दोन टोकं भेटली की मिसळत नाहीत) म्हणून हेच उदाहरण दिलं जातं, तेव्हा त्याला हात लावू नका. पहिला युक्तिवाद प्राण्याकडे न पाहता केलेला आहे आणि दुसरा पुस्तकाच्या सोयीसाठी. माझी भूमिका अशी आहे: एन्साटिना ही एकच प्रजाती मानावी, तिची सात प्रादेशिक नावं उपप्रजाती म्हणून जपावीत, आणि 'किती' हा प्रश्न बाजूला ठेवून 'कुठे कुणाशी किती संकर होतो' हे एकेका डोंगरावर जाऊन मोजावं. (इंग्रजीतल्या 'स्पीशीज'साठी इथे 'प्रजाती' हा शब्द वापरला आहे, जुन्या मराठी पुस्तकांत त्यालाच 'जाती' म्हटलेलं आढळेल.)

आधी प्राणी नीट पाहायला हवा, कारण अर्धं उत्तर त्याच्या अंगातच आहे. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो. त्या दिवसांत जंगलातलं एखादं कुजकं लाकूड अलगद उलटलं तर खाली ही एन्साटिना सापडते. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत साधारण चार ते आठ सेंटिमीटर, बोटाएवढा जीव. शेपूट जाड, आणि मुळाशी दोरा आवळून बांधल्यासारखी खाच. ही खाच दिसली की ओळख पटली. डिवचलं तर चारही पाय ताठ करून, पाठ खाली दाबून ती शेपटीची कमान करते, आणि शेपटीतून पांढरट चिकट द्रव येतो. हिला फुप्फुसं नाहीत. श्वास कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून, त्यामुळे कातडी सतत ओलसर राहिली पाहिजे. अंडी पाण्यात नव्हे, जमिनीतल्या ओलाव्यात घातली जातात. मादी त्यांच्याभोवती वेटोळं करून राखण करते, आणि पिल्लू बाहेर येतं तेच चार पायांचं, पूर्ण वाढीचं छोटं रूप घेऊन. बेडकासारखी डिंभकाची अवस्था नसल्यामुळे ओढ्याच्या पाण्यासोबत पिल्लं खाली वाहून जाण्याचा प्रश्न येत नाही. कोरड्या उन्हात ती दरी ओलांडू शकत नाही. एकेका प्राण्याची आयुष्यभराची धाव बहुधा काही डझन मीटरांतच संपते. असा प्राणी ब्रिटिश कोलंबियापासून मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकापर्यंत पसरला असेल, तर ठिकठिकाणी तो वेगळा दिसणारच. नवल त्याचं नाही. इतक्या अंतरावर, इतक्या संथ चालीने, शेजाऱ्याशेजाऱ्यांतली सोयरीक बहुतेक ठिकाणी टिकून आहे, हे खरं नवल.

आता नकाशा. कॅलिफोर्नियाच्या मधोमध सेंट्रल व्हॅली आहे, सुमारे ७०० किलोमीटर लांब, आणि उन्हाळ्यात एन्साटिनाला जगू न देणारी. प्राणी तिच्या भोवतीच्या डोंगरांत राहतो. पश्चिमेच्या किनारी रांगांतून उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालं तर आधी तपकिरी, फिकट पोटाची ओरेगोनेन्सिस भेटते. राज्याच्या वायव्य कोपऱ्यात पिवळ्या-काळ्या शिंतोड्यांची पिक्टा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती नारिंगी पोटाची आणि डोळ्यात लख्ख पिवळा डाग असलेली झँथॉप्टिका, आणि मॉन्टेरेपासून खाली तांबूस पाठीची, काळ्या डोळ्यांची एश्शोल्टझी. पूर्वेच्या सिएरा नेवाडातून उतरलं तर दृश्य वेगळंच. राखाडी अंगावर केशरी ठिपक्यांची प्लाटेन्सिस, मग टेहाचापी आणि माउंट पिनोसच्या भागात काळ्या अंगावर पिवळसर मोठे डाग असलेली क्रोसिएटर, आणि सॅन बर्नार्डिनो डोंगरांपासून दक्षिणेला काळ्यावर नारिंगी पट्टे मिरवणारी क्लाउबेरी. पश्चिमेची बिनठिपक्यांची, पूर्वेची ठिपक्यांची. दोन बाहू उत्तरेत एकमेकांत विरघळलेले आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत समोरासमोर येऊन ठेपलेले.

ही सगळी एकच, असं सुरुवातीला कुणालाच वाटलं नव्हतं. लंडनमध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८५० मध्ये पहिलं वर्णन केलं आणि रशियन मोहिमेसोबत कॅलिफोर्नियाला गेलेल्या एश्शोल्ट्झ या निसर्गशास्त्रज्ञाचं नाव दिलं. पुढच्या ऐंशी वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळी प्रजाती ठरवलं. १८७५ मधलं 'प्लाटेन्सिस' हे नाव तर ला प्लाता नदीवरून आलं आहे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतून! स्पॅनिश संशोधक हिमेनेस दे ला एस्पादा यांच्यासमोर आलेल्या नमुन्याचं ठिकाण चुकीचं नोंदलेलं होतं, आणि सिएरा नेवाडाचा हा प्राणी नावापुरता आजही उरुग्वेच्या बाजूचा राहिला आहे. १९२९ मध्ये क्लाउबेरीचंही स्वतंत्र प्रजाती म्हणूनच वर्णन झालं. मग बर्कलीच्या रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९४९ मध्ये सगळा पसारा एकत्र मांडला. त्यांनी रंगांची यादी वाढवली नाही. दोन रंगांच्या मधल्या प्रदेशात जाऊन मधले प्राणी शोधले. ते सापडले, म्हणून सात उपप्रजातींची एक प्रजाती झाली. उत्तरेकडून दोन बाहू दक्षिणेला पसरले, वाटेत बदलत गेले आणि पुन्हा भेटले तेव्हा परके झाले होते, ही त्यांची मांडणी. वयाच्या ९८व्या वर्षी, २०१३ मध्ये, ते गेले. मांडणीचे तपशील पुढच्या पिढ्यांनी बदलले, पण मधल्या प्राण्याला पुराव्याचा मान देण्याची त्यांची शिस्त अजून जुनी झालेली नाही.

फोडणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा दक्षिणेचा आहे, आणि तो सौम्य करून मांडणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. सॅन दिएगो काउंटीतल्या कुयामाका डोंगरात कॅम्प वोलाही नावाची जागा आहे. तिथे एश्शोल्टझी आणि क्लाउबेरी एकाच जंगलात राहतात आणि त्यांच्यात संकर जवळजवळ होत नाही. पालोमारसारख्या इतर डोंगरांवर संकरित प्राणी सापडतात, पण थोडे, आणि अरुंद पट्ट्यात. या एका जागेवर उभं राहून जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर यांची १९४२ ची व्याख्या लावली, म्हणजे निसर्गात आपसात प्रजनन करणारे ते एका प्रजातीचे, तर कॅम्प वोलाहीत दोन प्रजाती आहेत यात शंका नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. तिथे फिरणाऱ्या निसर्गप्रेमीने 'दोन वेगळे सॅलॅमँडर' अशी नोंद वहीत केली तर ती नोंद बरोबर आहे.

पण मग कापायचं कुठे? क्लाउबेरीला वेगळी प्रजाती केलं तर तिची उत्तर सीमा दाखवावी लागेल. सॅन गॅब्रिएल डोंगरात ठिपक्यांच्या रूपांची सलग वस्ती नाही, तिथे खंड आहे; तिथे कापू असं म्हणता येईल. म्हणजे दक्षिणेत एश्शोल्टझीशी संकर होत नाही हे कारण सांगायचं आणि कात्री चालवायची दुसऱ्याच डोंगरात, दुसऱ्याच शेजाऱ्यासमोर! क्रोसिएटर आणि क्लाउबेरी समोरासमोर आल्या असत्या तर त्यांचं जमलं नसतं, याचा पुरावा त्या मोकळ्या जागेत कसा मिळणार? बरं, एवढं कापून काम संपतही नाही. सेंट्रल व्हॅलीच्या पलीकडे, सिएराच्या पायथ्याशी, पश्चिमेची झँथॉप्टिका एका टप्प्यावर पूर्वेच्या प्लाटेन्सिसला भिडते. तिथला संकरपट्टा अरुंद आहे आणि संकरित प्राण्यांविरुद्ध निवड कडक आहे, हे २००५ च्या अभ्यासात दिसलं. तोच न्याय लावला तर तिथेही कात्री चालवावी लागेल. मात्र झँथॉप्टिका मध्य किनाऱ्यावर एश्शोल्टझीत आणि उत्तरेला ओरेगोनेन्सिसमध्ये मिसळते, आणि ओरेगोनेन्सिस उत्तरेच्या डोंगरांत प्लाटेन्सिसमध्ये मिसळते. एका ठिकाणी 'हे दोघे परके' असं लिहून दिलं की उरलेल्या सगळ्या वर्तुळात 'हे दोघे सख्खे' असं लिहिलेलं खोटं पडतं. कॅम्प वोलाहीतली नोंद त्या जागेपुरती खरी आहे. प्रजातीचं नाव मात्र साऱ्या प्रदेशासाठी असतं.

मराठी वाचकाला हा पेच परका नाही. बारा कोसांवर भाषा बदलते, हे आपण येताजाता म्हणतो. सावंतवाडीहून वेंगुर्ल्याला, तिथून तेरेखोलची खाडी ओलांडून पेडण्यात उतरावं; बोली कुठल्या गावाच्या वेशीवर बदलली ते बोट ठेवून सांगता येत नाही. पण नागपूरच्या माणसाला काणकोणात उभं केलं तर त्याला समोरच्याचं बोलणं समजायला कष्ट पडतात. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात, १९०५ च्या खंडात, कोकणी मराठीखाली नोंदलेली होती. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा मानलं आणि १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. कुणी म्हणेल, पाहा, साखळी असूनही भाषा वेगळी मानलीच की! मानली, आणि ते योग्यच झालं, कारण तिथे बोलणाऱ्यांची इच्छा होती, साहित्य होतं, शाळेत शिकायचा हक्क होता. सॅलॅमँडरला यातलं काहीच नाही. त्याच्या बाबतीत आपल्या हाती फक्त साखळी आहे. आणि भाषेतही निर्णयानंतर मालवणीचं काय, हा प्रश्न उरलाच. मधली कडी कुठल्याही टोकात पूर्ण बसत नाही. ही तुलना एका जागी तुटते, तेही सांगितलं पाहिजे: नागपूरचा माणूस वर्षभरात कोकणी शिकतो, क्लाउबेरी एश्शोल्टझीचं काही शिकत नाही. दक्षिणेतली दरी जैविक आहे, सवयीची नाही. तरी साखळीचा तर्क तोच राहतो.

फोडणाऱ्यांचा दुसरा मुद्दा डीएनएचा, आणि इथे सगळ्यात जास्त घोळ घातला जातो. डेव्हिड वेक आणि के यानेव्ह यांनी १९८६ मध्ये प्रथिनांच्या रूपभेदांवरून दाखवलं की एन्साटिनाच्या वस्त्यांमधले जनुकीय फरक खूप मोठे आहेत, इतर प्राण्यांत अशा फरकांवर सहज वेगळ्या प्रजाती केल्या गेल्या असत्या. १९९२ मध्ये मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांच्या, डीएनएने आणखी एक गोष्ट दाखवली: ओरेगोनेन्सिस आणि प्लाटेन्सिस या उपप्रजाती एकसंध शाखाच नाहीत, त्यांच्या आत अनेक जुन्या शाखा आहेत. १९९८ मध्ये रिचर्ड हायटन यांनी याच आधारावर अनेक प्रजाती आहेत असं मांडलं, आणि वेक व श्नायडर यांनी त्याच वर्षी त्याला उत्तर दिलं. हायटन यांचा आक्षेप गंभीर होता. लाखो वर्षं वेगळ्या वाढलेल्या शाखांना एकाच नावाखाली ठेवण्यात काय अर्थ?

अर्थ आहे, कारण शाखा किती जुनी आणि शाखा किती बंद हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो. माद्या घर सोडत नसतील आणि नर थोडेफार फिरत असतील, तर आईच्या बाजूचा वृक्ष हजारो पिढ्या तुटक दिसत राहतो आणि केंद्रकातल्या जनुकांची देवाणघेवाण मात्र चालू असते. पेरेरा आणि वेक यांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं: जुन्या शाखा जिथे पुन्हा भेटतात तिथे जनुकं पाझरतात का? बऱ्याच ठिकाणी पाझरतात. दीर्घकाळ विभक्त राहून पुन्हा एकत्र आलेली ही कुटुंबं आहेत. त्यांच्या विभक्तपणाचा काळ मोजून त्यांना कायमचं परकं ठरवता येत नाही.

नमुने गोळा करण्यातली चूक तर याहून साधी आणि याहून महागात पडणारी. समजा, ३०० किलोमीटरच्या रांगेत दोन टोकांचे वीस-वीस प्राणी घेतले आणि मधला भाग सोडला. जनुकीय फरक अंतरासोबत हळूहळू वाढत असला तरी गट पाडणारं संगणकाचं सॉफ्टवेअर दोन स्वच्छ गट दाखवील. सीमा प्राण्यांत नव्हती, ती गाडी जिथे थांबली नाही तिथे तयार झाली. मधल्या दहा जागांचे नमुने घातले की तीच सीमा उतार बनते. हल्ली प्रजाती ठरवायला वापरल्या जाणाऱ्या जनुकवृक्षांच्या सांख्यिकी पद्धतींबद्दल सुकुमारन आणि नोल्स यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की या पद्धती वस्त्यांची रचना ओळखतात, प्रजाती नव्हे. एन्साटिनासारख्या, काही मीटरांत आयुष्य काढणाऱ्या प्राण्यात रचना कुठे नसते? प्रत्येक डोंगराला रचना आहे. ती मोजणाऱ्या यंत्राला 'प्रजाती किती' असं विचारलं तर ते जितका डेटा द्याल तितक्या प्रजाती सांगेल.

तिसरा हल्ला दुसऱ्या बाजूने येतो: उपप्रजाती ही कल्पनाच मोडीत काढा. ई. ओ. विल्सन आणि विल्यम ब्राउन यांनी १९५३ मध्ये हे जोरात मांडलं. त्यांचं निरीक्षण अचूक होतं. एकाच प्राण्यात रंग एका रेषेवर बदलतो, आकार दुसऱ्या रेषेवर, शेपटीची लांबी तिसऱ्याच. रंग धरला तर तीन उपप्रजाती, आकार धरला तर पाच. मग नाव कशाला द्यायचं? आणि ज्या सोप्या कसोट्या होत्या, उदाहरणार्थ डीन अॅमॅडन यांनी १९४९ मध्ये मांडलेला ७५ टक्क्यांचा नियम, की एका गटातले किमान ७५ टक्के प्राणी शेजारच्या गटातल्या जवळजवळ सगळ्यांपासून ओळखता यावेत, त्याही शेवटी माणसाने ठरवलेल्या. हेही मान्य. संग्रहालयांत शेकडो उपप्रजाती दोन कातडी आणि एका मोजपट्टीवर उभ्या आहेत आणि त्या गेल्या तर कुणाचं काही बिघडणार नाही. आपलं शेकरूच घ्या: भीमाशंकरच्या जंगलातल्या खारीला एल्फिन्स्टोनी हे उपप्रजातीचं नाव आहे, पण शेकरूच्या उपप्रजाती नेमक्या किती, यावर आजही एकमत नाही, कारण बराचसा आधार कातडीच्या रंगाचाच.

एन्साटिनाच्या सात नावांची गोष्ट मात्र वेगळी, कारण इथे रंगामागे काम आहे. पूर्वेच्या काळ्या अंगावरचे पिवळे-नारिंगी डाग जंगलातल्या पालापाचोळ्यात आणि कवडशांत शरीराची बाह्यरेखा तोडतात. भक्षकाला सॅलॅमँडर दिसत नाही, तुकडे दिसतात. पश्चिमेच्या झँथॉप्टिकाचं काम उलटं, ती दिसण्यावर जगते. तिच्याच प्रदेशात टॅरिका नावाचे विषारी न्यूट, म्हणजे सॅलॅमँडरचेच नातेवाईक, राहतात. त्यांच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं, त्यांचं पोट नारिंगी आणि डोळ्यांत पिवळं असतं. शॉन कुच्टा या संशोधकाने मातीचे सॅलॅमँडर बनवले, काहींना झँथॉप्टिकाचे रंग दिले, काहींना नाही, आणि जंगलात ठेवून चाव्याच्या खुणा मोजल्या. झँथॉप्टिकाच्या रंगाच्या पुतळ्यांवर हल्ले कमी झाले. म्हणजे हे नाव एका जगण्याच्या रीतीचं नाव आहे. ते पुसलं तर माहिती पुसली जाते. अट एकच: नाव रूपाचं आणि प्रदेशाचं आहे, वंशशाखेचं नव्हे, हे प्रत्येक वेळी स्पष्ट असावं. 'प्लाटेन्सिस' म्हटल्यावर सिएरातलं ठिपक्यांचं रूप डोळ्यांसमोर यावं. त्यात दोन जुन्या शाखा असतील तर तसं पुढे लिहावं.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारा मुद्दा संवर्धनाचा आहे, कारण तिथे आपल्या चुकांची किंमत प्राणी भरतात. फोडणारे म्हणतात, प्रजातीचा दर्जा दिला नाही तर क्लाउबेरीसारखं छोट्या प्रदेशातलं रूप 'एन्साटिना सगळीकडे आहे, चिंता नको' या शेऱ्याखाली झाकलं जाईल. त्यांच्या हातात चीनचं भयंकर उदाहरणही आहे. चिनी महाकाय सॅलॅमँडर दीर्घकाळ एकच प्रजाती मानला गेला. पैदास केंद्रांत वेगवेगळ्या नद्यांतले प्राणी एकत्र वाढवले गेले आणि त्यांची पिल्लं संवर्धनाच्या नावाखाली नद्यांत सोडली गेली. २०१८ मध्ये डीएनएवरून कळलं की तिथे निदान पाच वेगळे वंश आहेत, आणि माणसाच्या हाताने ते मिसळले जात होते. २०१९ मध्ये त्यातल्या एकाला 'स्लिगोई' हे जुनं नाव पुन्हा मिळालं, तेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगलेल्या एका प्राण्यावरून. हे वाचून कुणाचाही जीव तुटावा.

पण ही चूक कशामुळे झाली? प्रजातीच्या खाली पाहायचंच नाही, या सवयीमुळे. प्रत्येक नदीच्या रूपाला प्रादेशिक नाव असतं आणि 'एका नदीचं पिल्लू दुसऱ्या नदीत सोडू नये' हा नियम त्या नावाशी बांधलेला असता, तर प्रजाती एक असो वा पाच, मिसळ झाली नसती. दर्जा नसेल तर कायदा हात वर करतो, हेही खरं नाही. कॅलिफोर्नियातल्याच सांता क्रूझच्या लांब बोटांच्या सॅलॅमँडरकडे पाहावं. तो उपप्रजातीच आहे, आणि अमेरिकेच्या १९६७ च्या संकटग्रस्त प्राण्यांच्या पहिल्या यादीतच तो होता. १९७३ च्या कायद्याच्या व्याख्येत उपप्रजाती येतात, आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या वेगळ्या वस्त्याही येतात. सांता बार्बरा भागातल्या कॅलिफोर्निया टायगर सॅलॅमँडरला २००० मध्ये संरक्षण मिळालं ते असं, एक वस्ती म्हणून, नाव न बदलता.

उलट दर्जा घाईने वाढवला तर काय होतं, ते न्यूझीलंडच्या तुआतारा या सरड्यासारख्या सरपटणाऱ्या प्राण्याने दाखवलं आहे. १९९० मध्ये ब्रदर्स बेटावरची तुआतारा वेगळी प्रजाती असल्याचं ठासून मांडलं गेलं, वर्गीकरणाकडे दुर्लक्ष केल्याने प्राणी नष्ट होतात असा इशाराही दिला गेला. वीसेक वर्षांत अधिक जनुकीय पुरावा आला आणि सगळे पुन्हा एका प्रजातीत गेले. बेटावरच्या प्राण्यांना काळजीची गरज आधीही होती आणि नंतरही. पण जी काळजी 'वेगळी प्रजाती' या शब्दावर टांगली होती, तो शब्द काढून घेतल्यावर ती कशावर टांगायची? आपल्याकडेही याची एक खूण आहे. दार्जिलिंगच्या डोंगरातल्या सॅलॅमँडरला शतकाहून अधिक काळ 'टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस' म्हणत. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे जॉन अँडरसन यांनी १८७१ मध्ये चीनमधल्या युनान प्रांताच्या नमुन्यांवरून दिलेलं ते नाव. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या अनुसूचीतही तेच होतं. २०१५ मध्ये पूर्व नेपाळच्या इलाममधून 'हिमालयानस' ही नवी प्रजाती वर्णिली गेली आणि दार्जिलिंगचे प्राणी तिच्यात गेले. ती फोड शास्त्रीयदृष्ट्या योग्य असेलही, तिथे मधली साखळी नाही. पण अनुसूचीत एक नाव आणि तळ्यात दुसरं, अशी स्थिती एका शोधनिबंधाने निर्माण होते, आणि ती मिटवायला कायद्याच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागते. प्रादेशिक नाव तळाशी घट्ट असेल तर वरचं नाव बदललं तरी प्राणी कागदावरून हरवत नाही.

जोडणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे. 'वर्तुळ प्रजाती' हे बिरुद वाचवण्यासाठी एन्साटिना एक ठेवू नका. हेरिंग गल या समुद्रपक्ष्याचं वर्तुळ पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं आणि २००४ मध्ये जनुकीय अभ्यासाने ते वर्तुळ तसं नव्हतंच असं दाखवलं. एन्साटिनाचंही वर्तुळ कंपासने काढलेलं नाही: त्यात खंड आहेत, किनारी रांगांत जुन्या समुद्राने पाडलेले तुकडे आहेत, पुन्हा जुळलेले सांधे आहेत. उद्या उत्तरेतल्या एखाद्या सांध्यावर जनुकांची देवाणघेवाण खरोखर थांबल्याचं सिद्ध झालं, तर माझी भूमिकाही बदलावी लागेल, आणि बदलावी.

म्हणून काम मधल्या जागांवर व्हायला हवं. दोन रूपांच्या भेटीच्या ठिकाणी आडवी रेषा आखावी, आणि नमुन्यांमधलं अंतर प्राण्याच्या धावेशी जुळवावं: पट्ट्याच्या आत शंभर-दोनशे मीटर, बाहेर गेल्यावर किलोमीटर-दोन किलोमीटर चालेल. एकाच मायटोकाँड्रियावर विसंबू नये, केंद्रकातल्या शेकडो जागा तपासाव्यात. रंगाची नोंद जिवंत प्राण्यावरच करावी आणि फोटोत करड्या रंगाचं कार्ड ठेवावं, कारण फॉर्मॅलिन आणि अल्कोहोलमध्ये पिवळा आणि नारिंगी रंग विरतो. जुन्या बरण्यांत क्रोसिएटरचे आणि क्लाउबेरीचे डाग सारखेच फिकट दिसतात. पिल्लांच्या रंगावरून निर्णय घेऊ नये. चिठ्ठीवर उपप्रजातीच्या नावाआधी अक्षांश-रेखांश, उंची आणि तारीख लिहावी. नाव उद्या बदलेल, जागा बदलणार नाही. प्रत्येक प्राण्यामागे हातमोजे बदलावेत, म्हणजे बुरशीचा रोग एका लाकडाखालून दुसऱ्या लाकडाखाली जाणार नाही, आणि उलटलेलं लाकूड होतं त्याच खाचेत परत बसवावं. डीएनएसाठी शेपटीच्या टोकाचे दोन-तीन मिलिमीटर ९५ टक्के इथेनॉलमध्ये पुरेसे होतात. मात्र शेपटीला धरून प्राणी उचलू नये. ती मुळाशी, त्या खाचेत, पटकन तुटते, आणि तिच्यात साठलेली चरबी म्हणजे मादीची पुढच्या अंड्यांची शिदोरी असते.